सुई लागली म्हणून गाठ खवळत नाही

पत्र: मी 46 वर्षांची आहे. चोपडा तालुक्यात राहते, घरची शेती आहे. श्रावणात कानबाई बसवायच्या आदल्या दिवशी अंघोळ करताना डाव्या छातीत आवळ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून कुणाजवळ बोलले नाही. भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा वहिनीला सांगितलं, तिनेच जळगावला नेलं. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर 'बायरॅड्स 4' लिहिलंय. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईने तुकडा काढून बायोप्सी करू. घरात सगळे नको म्हणतात. सासूबाई म्हणतात, गाठीला सुई लागली की ती खवळते. माझ्या मामेसासऱ्यांच्या तोंडात जखम होती, तिचा तुकडा काढला आणि चार महिन्यांत ते गेले. आमच्या भागातले एक डॉक्टर म्हणतात, तुकडा कशाला, आख्खी गाठच काढून टाकू. नणंद सातपुड्यातल्या एका बाबांचा लेप आणते म्हणते. 4 म्हणजे चौथी स्टेज का? तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो का? फार दुखतं का? आता कापूस वेचणीला आलाय, संक्रांतीनंतर केलं तर चालेल का?
एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर:

ताई,

एका प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देते, कारण त्यानेच तुमची झोप उडाली असणार. 'बायरॅड्स 4' म्हणजे चौथी स्टेज नाही. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एका बाईंनी असाच 4 वाचून आपले दागिने सुनांमध्ये वाटून टाकले होते. त्यांची गाठ पुढे साधी निघाली, पण तोवरचे पंधरा दिवस त्यांनी जे सोसलं ते फक्त एका आकड्यापायी.

बायरॅड्स ही मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी वाचणाऱ्या डॉक्टरांची, म्हणजे रेडिओलॉजिस्टची, शंकेची पट्टी आहे. 1 म्हणजे काही दिसत नाही. 2 म्हणजे दिसतंय, पण साधं आहे. 3 म्हणजे बहुधा साधंच, सहा महिन्यांनी परत बघू. 4 म्हणजे शंका आहे, तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. 5 म्हणजे शंका फार दाट आहे, शंभरात 95 किंवा त्याहून जास्त. 6 हा आकडा कॅन्सर तपासणीत आधीच सिद्ध झाला असेल तेव्हाच लिहितात. यातला 4 फार ऐसपैस आहे, शंभरात 2 पासून 95 पर्यंतची शंका त्या एका आकड्यात मावते. म्हणून त्याच्यापुढे बऱ्याचदा ए, बी किंवा सी असं अक्षर लिहितात. तुमच्या रिपोर्टवर ते आहे का बघा. ए असेल तर शंका 10 टक्क्यांच्या आत, बी असेल तर 10 ते 50 आणि सी असेल तर त्याच्या वर. अक्षर काहीही असलं तरी पुढचं पाऊल एकच, तुकडा तपासणं. स्टेज हा शब्द त्याच्या फार नंतर येतो, आणि तोही कॅन्सर निघाला तरच. आज तुमची कुठलीच स्टेज नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते मी तीस वर्षं ऐकतेय. धुळ्याकडे अहिराणीत म्हणतात, 'सुई लावू नका, गाठ खवळी जाई.' मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आम्हाला रुग्ण क्वचितच भेटतो, त्याचा तुकडा भेटतो. सूक्ष्मदर्शकाखाली जे बघत आले त्यावरून सांगते: कॅन्सर असेल तर तो सुईची वाट बघत बसलेला नसतो. हाताला लागण्याएवढी गाठ होते तेव्हा तिच्यात कोट्यवधी पेशी झालेल्या असतात. त्यांना पसरायचं असेल तर रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, हे रस्ते त्यांच्या शेजारीच असतात. त्या रस्त्यांत शिरलेल्या पेशी आम्हाला काचपट्टीवर दिसतात, आणि त्या आपल्या आपण शिरलेल्या असतात.

सुईच्या वाटेवर दोन-चार पेशी सांडत नाहीत का? सांडू शकतात, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यातल्या बहुतेक तिथेच मरतात. आणि कॅन्सर निघालाच तर पुढची शस्त्रक्रिया आणि गरज पडल्यास शेक, म्हणजे रेडिएशन, त्याच जागेवर होतात. त्यामुळे सुईच्या वाटेवर नवी गाठ उगवणं ही छातीच्या बाबतीत अगदी विरळा गोष्ट आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 पासून कॅन्सरवर उपचार करतंय, तिथेही छातीच्या गाठीला आधी सुईचीच बायोप्सी करतात. सुईने गाठ खवळत असती तर रोज शेकडो गाठी तपासणाऱ्यांच्या ते ध्यानात आलं असतं. काही मोजक्या ठिकाणी सुई मुद्दाम टाळतात, हेही खरं. पुरुषाच्या अंडकोशात कॅन्सरची शंका असलेली गाठ असली तर तिला सुई लावत नाहीत, यकृताच्या काही गाठींचं निदान खास स्कॅनवरच करतात. म्हणजे कुठे लावायची आणि कुठे नाही याचा हिशेब डॉक्टरांपाशी असतो. तुमची गाठ लावायच्या यादीतली आहे.

मग मामेसासरे चार महिन्यांत कसे गेले? त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल ठाम बोलणार नाही. पण आपल्याकडे तोंडाच्या जखमेची गोष्ट बहुतेक वेळा कशी घडते ते सांगते. गालात तंबाखूची गोळी वर्षानुवर्षं. मग पांढरा चट्टा. मग तोंड कमी उघडायला लागतं, तिखट सोसवत नाही, भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ येते. मग न भरणारी जखम. तिच्यावर दोन-तीन महिने मलम आणि तोंड आल्याच्या गोळ्या. मानेत गाठ आली की मग कुणीतरी जळगाव-धुळ्याला नेतं आणि तिथे तुकडा काढतात. तोवर आजार खूप पुढे गेलेला असतो, माणूस काही महिन्यांत जातो. घरच्यांना आधीची दोन वर्षं आठवत नाहीत, कारण त्या दोन वर्षांत ठळक असं काही घडलेलंच नसतं. आठवतो तो तुकडा काढल्याचा दिवस, आणि दोष त्या दिवसाला लागतो. सासूबाईंना याबद्दल बोल लावू नका, त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच त्या सांगतायत. फक्त जखम पहिल्यांदा कधी दिसली होती, एवढं त्यांना शांतपणे विचारून बघा.

'आख्खी गाठच काढून टाकू' या सल्ल्यावर मात्र मी जरा जोरातच बोलणार आहे, कारण यापायी झालेलं नुकसान मी फार पाहिलं. ऐकायला तो किती सोयीचा वाटतो: एकदाच काय ते, पीडा गेली. पण माप न घेता कापड कापलं तर ब्लाउज कसा बेतणार? गाठ साधी असेल तर कदाचित शस्त्रक्रियेची गरजच नसते. छातीतल्या कितीतरी साध्या गाठी नुसत्या लक्ष ठेवून सोडून देता येतात. आणि गाठ कॅन्सरची असेल तर शस्त्रक्रिया वेगळी असते. गाठीभोवती चांगल्या भागाची कड सोडून काढावं लागतं, काखेतल्या ग्रंथी तपासाव्या लागतात, छेद कुठून घ्यायचा ते ठरवावं लागतं. कधी आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात आणि मग छाती वाचवून ऑपरेशन करतात. काय आहे हे न कळता गाठ उपटली तर यातल्या बऱ्याच वाटा बंद होतात, आणि अर्धवट राहिलेलं काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

आणखी एक. माझ्याकडे एकदा पन्नाशीच्या एक बाई आल्या. काखेत गाठ होती. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात त्यांच्या छातीची गाठ काढलेली. म्हटलं, तिचा रिपोर्ट दाखवा. त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. गाठ तपासायला पाठवलीच नव्हती. 'साधीच होती' असं सांगून टाकून दिली होती. त्या दिवशी मी टेबलाशी किती वेळ नुसती बसून राहिले मला आठवत नाही. म्हणून तुम्हालाच नाही, हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते: शरीरातून कुठलीही गाठ काढली, मग ती छातीची असो, मानेची असो की पाठीवरची, तर ती तपासायला गेली का हे विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या.

कुणी तुम्हाला 'नुसतं पाणी तपासू' असंही म्हणेल. ती बारीक सुईची तपासणी, एफएनएसी. तिच्यात सुट्या पेशी मिळतात. मानेच्या, काखेच्या, थायरॉइडच्या गाठीला ती चांगली चालते. छातीत कॅन्सरची शंका असेल तर ती पुरत नाही. सुट्या पेशी म्हणजे पाडलेल्या घराच्या विटा. भिंत कुठे होती आणि ती कुणी फोडली, हे विटांच्या ढिगावरून कळत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या बायोप्सीत, तिला ट्रू-कट किंवा कोअर बायोप्सी म्हणतात, भिंतीसकट तुकडा मिळतो.

आता त्या दिवशी काय होईल ते सांगते, म्हणजे तिथे पोचल्यावर काही नवं वाटणार नाही.

सकाळी नेहमीसारखं खाऊन जा, या तपासणीला सहसा उपाशी राहावं लागत नाही. पुढून उघडणारा ब्लाउज घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काही, तर डॉक्टरांना आधीच सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. साखर, रक्तदाब, कुठल्या औषधाची ॲलर्जी, तेही सांगा. जवळ बाई असावी असं वाटत असेल तर संकोच न करता मागा, तो तुमचा हक्क आहे. संमतीचा कागद पुढे येईल, तो वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही करा.

तुम्हाला उताणं झोपवतील, डावा हात डोक्याखाली. सोनोग्राफीचं गार जेल लावतील. गाठ पडद्यावर दिसायला लागली की जागा पुसून बधिर करायचं इंजेक्शन देतात. हेच काय ते दुखतं: लाल मुंगी चावल्यासारखं, आठ-दहा सेकंद चरचरतं. त्यानंतर दाबल्याचं कळतं, टोचल्याचं नाही. सुई एका स्प्रिंगच्या यंत्राला लावलेली असते, तिला गनच म्हणतात. ती सुटते तेव्हा 'टक्' असा मोठा आवाज होतो. दुखण्याने नव्हे, त्या आवाजाने बायका दचकतात. डॉक्टरांना सांगा, आधी एकदा हवेत वाजवून दाखवा. चार-सहा वेळा तो आवाज होईल, कारण तेवढे तुकडे लागतात. प्रत्येक तुकडा म्हणजे शेवईचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा कण, पांढुरका, कधी लालसर. सगळं मिळून अर्धा तास. नंतर दहा-पंधरा मिनिटं जागा दाबून धरतात, पट्टी लावतात. टाके नाहीत. त्याच दिवशी घरी.

त्या जागेला आठवडाभर निळं-जांभळं दिसेल, थोडं ठणकेल. पॅरासिटामॉल चालते. दोन दिवस वजन उचलू नका, म्हणजे कापसाचं गाठोडं डोक्यावर घ्यायचं नाही आणि विहिरीवरचा हंडाही नाही. ताप आला, जागा लाल होऊन सुजत गेली, पू आला किंवा दाबूनही रक्त थांबेना, तर लगेच त्याच डॉक्टरांकडे. असं फार कमी जणींना होतं.

इथून पुढे तुमचा तुकडा माझ्यासारख्याच्या हातात येतो, आणि या भागाबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सविस्तर लिहिते.

काढल्या काढल्या तो फॉर्मेलिनच्या बाटलीत पडला पाहिजे. फॉर्मेलिन 10 टक्क्यांचं असतं, आणि तुकड्याच्या निदान दहापट हवं. त्याने पेशी आहेत तशा थिजतात. साधं पाणी, सलाइन किंवा स्पिरिट याने ते काम होत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक मुलगा वडिलांच्या जिभेचा तुकडा घेऊन माझ्याकडे आला. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात पाणी भरून दिलेला. एसटीने चार तासांचा प्रवास, बाहेर 44 अंश. बाटली उघडली तेव्हाच वास आला. पेशी विरघळून गेल्या होत्या, काचपट्टीवर नुसता गुलाबी धूर दिसत होता. वडिलांना परत आणून परत तुकडा काढावा लागला. तो मुलगा तुकडा मांडीवर धरून बसून आला होता, त्याने काहीच चूक केली नव्हती. चूक बाटली भरून देणाऱ्याची होती. तुमचा तुकडा तुमच्याच माणसांच्या हातून लॅबला न्यायचा असेल तर तीन गोष्टी जागेवरच बघा. बाटलीत फॉर्मेलिनच आहे का. बाटलीवर, झाकणावर नव्हे, तुमचं पूर्ण नाव, वय आणि 'डावी छाती' लिहिलंय का. आणि सोबतच्या चिठ्ठीवर गाठ किती दिवसांची आहे, सोनोग्राफीत काय आलं, हे आहे का. चिठ्ठी कोरी असली तर आम्ही अर्धे आंधळे असतो.

छातीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये किमान 6 आणि जास्तीत जास्त 72 तास ठेवायचा असा दंडक आहे, कारण पुढच्या काही तपासण्या त्यावर अवलंबून असतात. मग त्यातलं पाणी टप्प्याटप्प्याने काढून घेतात आणि तो मेणात बसवतात. ही मेणाची वडी म्हणजे ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. तुमच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील. काप कोमट पाण्यावर सोडला की सायीसारखा तरंगतो, तो अलगद काचेवर उचलायचा. दोन रंग देतात, पेशींची केंद्रं जांभळी-निळी होतात आणि बाकीचं गुलाबी. मग डॉक्टर बघतात. एवढ्या सगळ्याला तीन ते सात दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला नाही तर 'काहीतरी वाईट असणार' असं समजू नका. आणखी रंग देऊन बघायची वेळ आली तर अजून चार-सहा दिवस जातील. त्याचाही अर्थ वाईट असाच होतो असं नाही.

रिपोर्ट आला की बहुतेक लोक शेवटची ओळ बघतात. तिथे फायब्रोॲडिनोमा, फायब्रोसिस्टिक चेंज, फॅट नेक्रोसिस असं काही असेल तर गाठ कॅन्सरची नाही. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस असेल तर ती एक प्रकारची सूज असते. आपल्याकडे अशा वेळी टीबी नाही ना हेही तपासतात. टीबी निघाला तर औषधाने बरा होतो. फक्त एक ध्यानात ठेवा: सोनोग्राफीत शंका दाट आणि तुकड्यात सगळं साधं, असा दोन्हींचा मेळ बसत नसेल तर डॉक्टर परत तुकडा मागू शकतात. तेव्हा चिडू नका. सुईने गाठीची कड घेतली असेल आणि आतलं राहिलं असेल, असं होतं. असा दुसरा तुकडा मागणारे डॉक्टर काळजीने काम करतायत असं समजा.

'कार्सिनोमा' हा शब्द असेल तर तो कॅन्सर. तो 'इन सिटू' असेल तर अजून दुधाच्या नळीच्या आतच आहे. 'इन्व्हेसिव्ह' असेल तर भिंत ओलांडून बाहेर आलाय. पुढे ग्रेड 1, 2, 3 लिहिलेला असेल. ग्रेड म्हणजेही स्टेज नव्हे. पेशी किती बिघडल्यात आणि किती वेगाने वाढतायत ते ग्रेड सांगतो, आजार शरीरात कुठवर गेलाय ते स्टेज सांगते. मग ईआर, पीआर (बाईच्या हार्मोन्सवर या पेशी वाढतात का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन वाढलंय का) या तीन तपासण्या त्याच तुकड्यावर होतात, आणि कुठलं औषध लागू पडेल ते त्यावर ठरतं. ईआर पॉझिटिव्ह आहे हे वाचून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. उलट त्याचा अर्थ रोज एक गोळी घेऊन आजार दाबता येण्याची वाट मोकळी आहे असा होतो. हर-टू पुढे '2+' आलं तर ते ना होय ना नाही, फिश नावाची आणखी एक तपासणी लागते.

ब्लॉक आणि काचपट्ट्या तुमच्या आहेत. मुंबईला किंवा नाशिकला दुसरं मत घ्यायला जाल तर तिथे नुसता कागद चालणार नाही, हे दोन्ही मागतील. लॅबमध्ये सही करून ते ताब्यात घ्या आणि जपा. मेण साधारण 56 ते 60 अंशांना वितळतं. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीत काचेखाली ते ठेवू नका.

आता कापसाचं. बायोप्सी आणि रिपोर्ट यांत आठ-दहा दिवस गेले तर काही बिघडत नाही, तारीख एक आठवडा पुढे गेली तरी नाही. पण ताई, श्रावणापासून चार महिने झालेत. संक्रांत अजून दीड-दोन महिने लांब, मग हळदीकुंकू, मग हरभरा काढायचा, मग गव्हाला पाणी. शेतातलं काम कधी संपलंय? बायोप्सीला तुमचा अर्धा दिवस जाईल, आणि कापूस वेचायला मजूर मिळतो. गाठ दुखत नाही याचा आधारही घेऊ नका. छातीतला कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून थांबलेल्या बायकांचे तुकडे मी सगळ्यात जास्त पाहिले आहेत.

लेपाला स्पष्ट नाही म्हणा. नणंदेला तुमची काळजी आहे, तिला दुखवू नका, पण लेप लावू नका. काही लेपांनी कातडी भाजते, जखम होते, आणि मग आतल्या गाठीची सूज कुठली आणि लेपाची कुठली ते सोनोग्राफीत कळेनासं होतं. तिला तुमच्याबरोबर जळगावला चला म्हणा. सोबत लागणारच आहे, आणि पडद्यावर सुई कशी जाते ते तिने डोळ्यांनी पाहिलं तर घरी तीच सांगेल.

घरच्यांना सांगताना मालकांना आधी, एकट्यांना सांगा. सगळ्यांसमोर सांगितलं की सगळे बोलतात आणि निर्णय कुणीच घेत नाही. एक आग्रह धरा: रिपोर्ट तुमच्या हातात द्यायचा. बाईला धक्का बसेल म्हणून रिपोर्ट लपवणारी घरं मी खूप पाहिली. ती बाई सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखते, फक्त विचारायला कुणी उरत नाही. ही गाठ तुमची तुम्ही शोधली, पत्र तुम्ही लिहिलंत, तेव्हा पुढचंही तुम्हाला पेलेल याबद्दल मला शंका नाही.

पैशांची काळजी असेल तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा. आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. 2012 मध्ये ती दुसऱ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णालयांना ती नीट माहीत आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यालाच भेटायचं. उपचार मंजूर करायला तो पहिला कागद मागतो तो बायोप्सीच्या रिपोर्टचा.

या आठवड्यात जळगावच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून तारीख घ्या. जाताना मॅमोग्राफीची फिल्म आणि सोनोग्राफीचा कागद बरोबर ठेवा. रिपोर्ट आला की मला परत लिहा, आणि त्याच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, नुसत्या शेवटच्या ओळीचा नको. आपण दोघी मिळून वाचू.